एक-शून्य चालेल, दोन-एक नाही!

युरोपातली ग्रुप स्टेज, रात्री दीडचा अलार्म आणि कागदी कपावर मांडलेली गणितं. सात हजार किलोमीटरहून लांब असलेल्या क्लबला 'आपण' म्हणायचा हक्क नेमका कुठे मिळतो?

फायनल काय, कुणीही बघतं. चॅम्पियन्स लीगची फायनल असली की पब फुल्ल असतात, मोठा स्क्रीन लागतो. ज्याला ऑफसाइड म्हणजे काय ते विचारलं तर घाम फुटेल, असा टीम लीडरसुद्धा त्या रात्री जर्सी चढवून हजर असतो. मजा येते. पण खरा फॅन ओळखायचा असेल तर त्याला ऑक्टोबरमधल्या एखाद्या बुधवारी रात्री दोन वाजता गाठा. समोर सर्बियाचा नाहीतर बल्गेरियाचा क्लब आहे, स्कोअर ३-० आहे, सकाळी नऊला क्लायंट कॉल आहे, तरी हा बाबा टीव्हीसमोरून हलत नाही. घरचे विचारतात, 'जिंकलात ना? मग झोप की आता!' आणि हा म्हणतो, 'थांब गं, अजून एक गोल हवाय.'

तो एक गोल कशाला हवा असतो? तीच तर गंमत आहे.

आमचा पाच जणांचा कंपू आहे. सगळे लिव्हरपूलवाले. एक सीए, एक डॉक्टर, एक बँकेत, मी आयटीत आणि पाचवा आमचा 'दादा', जो गेली काही वर्षं न्यू जर्सीत आहे. आम्ही भेटलो की सिनेमा, ईएमआय, कुणाचं लग्न हे सगळं बोलून होतं, पण गाडी शेवटी एकाच स्टेशनवर येते. कुठल्या वर्षीचा कुठला ग्रुप, शेवटच्या मॅचला किती पॉइंट्स होते आणि काय झालं असतं तर काय झालं असतं. कपबिप नंतर. आधी ग्रुप!

पास, नापास आणि एटीकेटी

ज्यांना हे प्रकरण नवीन आहे त्यांच्यासाठी थोडक्यात फंडा. २००३-०४ पासून २०२३-२४ पर्यंत चॅम्पियन्स लीगचा साचा ठरलेला होता. ३२ टीम्स, आठ ग्रुप्स, प्रत्येक ग्रुपमध्ये चार. प्रत्येकाशी एकदा घरी, एकदा त्यांच्याकडे, म्हणजे एकूण सहा मॅचेस. आपल्याकडे गणपतीच्या दिवसांत सुरू व्हायचं आणि नाताळच्या तोंडावर निकाल. पहिले दोन पुढे. तिसरा युएफा कपात, ज्याचं २००९ पासून युरोपा लीग असं बारसं झालं. चौथा घरी. मुंबई-पुण्याच्या कॉलेजात शिकलेल्यांना हे समजावून सांगायला लागत नाही. पहिले दोन पास, तिसऱ्याला एटीकेटी, चौथ्याचं वर्ष फुकट.

आता खरा लोच्या. दोन टीम्सचे पॉइंट्स सारखे झाले तर? आयपीएलच्या कृपेनं आपल्याला नेट रनरेट तोंडपाठ आहे. इथे मात्र आधी त्या दोघांच्या आपापसातल्या दोन मॅचेस बघायच्या. आधी पॉइंट्स, मग गोलांचा फरक, मग समोरच्याच्या मैदानावर कुणी जास्त गोल मारले. हा अवे गोलचा नियम युएफानं २०२१ मध्ये काढून टाकला. तिथेही बरोबरी झाली तरच सगळ्या सहा मॅचेसचा गोल डिफरन्स आणि त्यानंतर एकूण गोल.

वाचताना डोकं गरगरलं? आमचं पण व्हायचं. पण चार टीम्स आणि सहा मॅचेस हा आकडा असा आहे की तो चहाच्या कागदी कपावर मावतो. आमच्या सीएनं आयुष्यातल्या सगळ्यात सुंदर बॅलन्स शीट्स टपरीवर, अशा कपांवर केल्या आहेत.

दादाची रात्र

आमच्यात २००४ जागून पाहिलेला दादा एकटाच. मी तेव्हा शाळेत होते. त्यामुळे ८ डिसेंबर २००४ ही तारीख निघाली की आम्ही चौघं शहाण्या मुलांसारखे ऐकतो. कितव्यांदा ऐकतोय ते विचारू नका.

त्या वर्षी ग्रुपमध्ये मोनॅको, ग्रीसचा ऑलिम्पियाकोस आणि स्पेनचा डेपोर्टिव्हो. शेवटच्या मॅचआधी ऑलिम्पियाकोसचे १० पॉइंट्स, मोनॅकोचे ९, आपले ७. मोनॅको शेवटची मॅच जिंकणार असं धरून चालायचं होतं, आणि त्यांनी डेपोर्टिव्होला ५-० धुतलंही. म्हणजे आपल्याला ऑलिम्पियाकोसला अॅनफिल्डवर हरवून १० पॉइंट्सवर त्यांना गाठायचं होतं. पण ग्रीसमध्ये आपण त्यांच्याकडून १-० हरलेलो. तेव्हा हिशेब असा : १-० जिंकलो तर चालेल, कारण आपापसात बरोबरी होते आणि गोल डिफरन्समध्ये आपण वर जातो. २-१ जिंकलो तर नाही चालणार, कारण त्यांचा अवे गोल. मग दोनचा फरक हवा.

जास्त गोल मारून जिंकलो तर बाहेर, कमी मारून जिंकलो तर आत. दादा सांगतो, हॉस्टेलच्या टीव्ही रूममध्ये हे इतरांना समजावण्यातच त्याचा अर्धा घसा बसला होता.

आणि २६व्या मिनिटाला रिवाल्डोनं फ्री किकवर गोल मारला. बस! '१-० चालेल' हा पर्याय कचऱ्यात. आता तीन गोल हवे. हाफ टाइमला आलेल्या सिनामा-पोंगोलनं ४७व्या मिनिटाला एक केला. मग अर्धा तास काही नाही. नील मेलर नावाचा पोरगा मैदानात उतरला आणि दोन-तीन मिनिटांत, ८१व्या मिनिटाला, त्यानं दुसरा मारला. २-१. म्हणजे जिंकतोय, पण बाहेर! मग ८६वं मिनिट. मेलरनं डोक्यानं चेंडू खाली सोडला, जेरार्ड पळत आला आणि बॉक्सच्या बाहेरून त्यानं जो काय फटका हाणला... आपल्याकडे तेव्हा पहाटेचे तीन वाजत होते. दादाच्या म्हणण्याप्रमाणे वॉर्डन वर आला, स्कोअर विचारला आणि ओरडायचं विसरून खाली बसला.

पुढचं जगाला माहीत आहे. २५ मे २००५, इस्तंबूल, मिलानविरुद्ध हाफ टाइमला ०-३, मग ३-३, मग पेनल्टीवर कप. त्यावर पुस्तकं निघाली, डॉक्युमेंट्रीज निघाल्या. पण दादाचं म्हणणं पक्कं आहे. 'इस्तंबूल सगळ्यांचं आहे. ऑलिम्पियाकोस आमचं.'

चौथा गोल

दादाकडे २००४ आहे, तर आमच्या पिढीकडे २०१८ आहे. आणि त्याचा नायक अॅनफिल्डच्या मोठ्या रात्रींच्या यादीत सापडणार नाही.

ग्रुपमध्ये पीएसजी, नापोली आणि रेड स्टार बेलग्रेड. पहिलीच मॅच पीएसजीशी, ऐन गणपतीत. इंज्युरी टाइममध्ये फर्मिनोच्या गोलनं ३-२. आम्ही हवेत. मग नापोलीकडे गेलो, हरलो. बेलग्रेडला गेलो, २-० हरलो. पॅरिसला गेलो, हरलो. बाहेरच्या तिन्ही मॅचेस खल्लास. शेवटच्या रात्रीआधी नापोली ९, पीएसजी ८, आपण ६. समोर नापोली, अॅनफिल्डवर. आणि नापोलीत आपण किती हरलेलो? १-०!

आमच्या सीएनं कप उलटा केला, पेन काढलं, पाच मिनिटं गप्प बसला आणि म्हणाला, 'अरे, हे तर दादाचंच गणित आहे. १-० चालेल, २-१ नाही.'

११ डिसेंबर २०१८. आपल्याकडे रात्री दीडची मॅच. ३४व्या मिनिटाला सालाहचा गोल, १-०. तिकडे बेलग्रेडमध्ये पीएसजी जिंकतेय. म्हणजे इथे एक गोल खाल्ला की संपलं. इंज्युरी टाइममध्ये नापोलीचा मिलिक अगदी समोर मोकळा. अॅलिसन पुढे झेपावला आणि त्यानं चेंडू अंगावर घेतला. डॉक्टरबाईंनी त्या क्षणी स्वतःची नाडी मोजली होती. किती भरली ते ती अजून सांगत नाही.

मॅच संपली १-०. आता टेबल बघा. लिव्हरपूल ९ पॉइंट्स, नापोली ९. आपापसात १-०, ०-१, बरोबरी. गोल डिफरन्स दोघांचा +२, बरोबरी. शेवटी एकूण गोल मोजले. लिव्हरपूल ९, नापोली ७. सुटलो!

आणि इथे सीएनं तो प्रश्न विचारला, ज्याच्यावर आम्ही आजतागायत बोलतोय. 'हे सगळं कुठल्या गोलमुळे झालं?' सालाह, मी म्हटलं. अॅलिसनचा सेव्ह, डॉक्टर म्हणाली. पीएसजीविरुद्धचा फर्मिनो, बँकवाला म्हणाला. सीएनं मान हलवली. 'साडिओ माने. २४ ऑक्टोबर. रेड स्टारविरुद्ध चौथा गोल.'

आठवतं का कुणाला? नाहीच आठवणार. अॅनफिल्डवर ३-० झालं होतं, मॅच खिशात होती. मानेची पेनल्टी गोलकीपरनं अडवली, कुणाला काही वाटलं नाही. ८०व्या मिनिटाला त्यानंच चौथा मारला. टाळ्या पडल्या, झालं. आपल्याकडे रात्रीचे दोन वाजून गेले होते. पण तो गोल पुसून बघा. लिव्हरपूलचा डिफरन्स +२ ऐवजी +१ होतो आणि नापोली पुढे जाते. मग बार्सिलोनाविरुद्धचे ते वेडे ४-० नाहीत. १ जून २०१९ ला माद्रिदमध्ये टॉटनहॅमविरुद्ध २-० नाही. कप नाही.

कपाचा गोल ऑक्टोबरमध्ये पडला होता आणि निम्मं जग झोपलं होतं. बँकवालाही झोपला होता. हे त्याला वर्षातून किमान दोनदा ऐकून घ्यावं लागतं.

जिंकलो आणि बाहेर!

नेहमीच असं गोड होत नाही हं. २४ नोव्हेंबर २००९ ला लिव्हरपूल बुडापेस्टमध्ये डेब्रेत्सेनविरुद्ध १-० जिंकलं आणि त्याच रात्री ग्रुपमधून बाहेर पडलं, कारण तिकडे इटलीत फिओरेंटिनानं लियोनला हरवलं. मी तेव्हा कॉलेजात होते. पाहुणी मैत्रीण शेजारी झोपेतून उठली आणि तिनं विचारलं, 'जिंकलात?' हो. 'मग रडतेस कशाला?' याचं एका वाक्यात उत्तर देता येत नाही. तिला कागद-पेन घेऊन समजावलं. आता तीच आमच्या कंपूतली डॉक्टर आहे.

फॅन असे बनतात, मंडळी. टीव्हीवर सुंदर गोल बघून आवड लागते, पण त्या आवडीला मुळं फुटतात ती कुणीतरी शेजारी बसून गणित समजावल्यावर. मी स्वतः २००७ साली बेशिक्ताशला ८-० हाणलं त्या रात्री लिव्हरपूलची झाले. दादा म्हणतो, 'ते सोपं होतं. त्याच ग्रुपमध्ये आधीच्या तीन मॅचेसमध्ये एक पॉइंट होता, तेव्हा कुठे होतीस?' खवचट आहे, पण मुद्दा बिनतोड आहे.

चौकट : चर्चेत उतरण्याआधी

- घड्याळ सांभाळा. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी युरोपातली घड्याळं एक तास मागे जातात. मग आपली साडेबाराची मॅच दीडची होते आणि सव्वादहाची सव्वाअकराची. अलार्म बदलला नाही तर बरेच दिवे लागतात.
- शेवटच्या फेरीत दोन स्क्रीन ठेवा. सगळ्या मॅचेस एकाच वेळी सुरू होतात. दुसऱ्याचा निकाल बघून कुणी आरामात खेळू नये म्हणून हा नियम. याचं मूळ १९८२ च्या वर्ल्ड कपमधल्या पश्चिम जर्मनी-ऑस्ट्रिया मॅचमध्ये आहे. १-० झाल्यावर दोघांचंही भागत होतं, मग दोघंही नुसते टाइमपास करत राहिले.
- 'हा सोपा ग्रुप आहे' असं सप्टेंबरमध्ये कधीही म्हणू नका. म्हटलंत तर लाकडाला हात लावा.
- मॅच साडेतीनला संपते, पहिली लोकल चारच्या सुमाराला असते. मधला अर्धा तास चर्चेसाठीच दिलेला आहे.

'आपण' म्हणजे कोण?

ऑफिसात हा प्रश्न हमखास येतो. 'आपण जिंकलो' असं मी म्हटलं की कुणीतरी भुवई उंचावतं. 'आपण? तुझा काय संबंध? तू कधी गेलीयेस तिथे?' नाही गेले. अॅनफिल्डमध्ये साधारण ६१ हजार माणसं बसतात आणि त्यातली एक होण्यासाठी लागणारे पैसे आणि रजा या दोन गोष्टी माझ्याकडे एकाच वेळी कधी नव्हत्या. लिव्हरपूल शहरात जन्मलेल्या, आजोबांचा हात धरून मैदानावर गेलेल्या माणसाचा हक्क माझ्याहून मोठा आहे, हेही मान्य. तो पावसात उभा राहतो, मी पंख्याखाली बसते.

पण संबंध कशानं येतो? मला वाटतं, काळजीनं. मुंबईत लिव्हरपूलचा अधिकृत सपोर्टर्स क्लब आहे. तिथे स्क्रीनिंगला गेलात तर बघा, अनोळखी माणसं गोल झाल्यावर मिठ्या मारतात हे ठीकच, पण हाफ टाइमला कोपऱ्यात दोघं जण बोटांवर गोल मोजत असतात. एक अंधेरीचा, एक अंबरनाथचा. एकमेकांचं आडनाव माहीत नसतं. '२-२ झालं तर?' 'मग आपले आठच होतात ना!' या 'आपले'मध्ये खोटं काही नसतं. जो माणूस ३-० असतानाही चौथ्या गोलसाठी जागतो, त्याला 'आपण' म्हणायला कुणाच्या सहीची गरज नाही.

आईचं यावर वेगळं मत आहे. ती डिसेंबर आला की एवढंच विचारते, 'पास झालात का गं?' बहुवचनात. तिच्यापुरता प्रश्न सुटलेला आहे.

कप छोटा पडला

आणि मग २०२४ मध्ये युएफानं ग्रुपच गुंडाळून टाकले. आता ३६ टीम्स, सगळ्यांचं मिळून एकच लांबलचक टेबल. प्रत्येकाच्या आठ मॅचेस, आठ वेगळ्या क्लबांशी. पहिले आठ थेट शेवटच्या सोळांत. नऊ ते चोवीस यांच्यात प्ले-ऑफ. खालचे बारा घरी. एटीकेटी बंद! युरोपा लीगमध्ये घसरायची सोयच नाही.

आमच्या कंपूत यावरून उभे दोन तट आहेत. सीए नव्याच्या बाजूनं. 'आधी एकाच टीमशी दोनदा खेळायचं, निम्म्या ग्रुपांचा निकाल चौथ्या-पाचव्या मॅचलाच लागायचा. आता रेआल माद्रिद नोव्हेंबरमध्येच घरी येतं.' खरंय. २७ नोव्हेंबर २०२४ ला आलं आणि २-० हरून गेलं, ती रात्र कोण विसरेल? शिवाय २९ जानेवारी २०२५ ला एकाच वेळी १८ मॅचेस झाल्या. मँचेस्टर सिटीसारखी टीम त्या रात्री जिंकून कशीबशी २२वी आली. थरार होताच.

डॉक्टर विरोधात. 'अठरा मॅचेस मी कुठल्या डोळ्यांनी बघू? आणि ज्यांच्याशी आपण खेळलोच नाही, त्यांचा गोल डिफरन्स मी का मोजू?' हेही खरंय. रेड स्टारबद्दल, नापोलीबद्दल आम्हाला इतकं माहीत होतं, कारण तीन महिने आम्ही त्यांच्यासोबत एका खोलीत राहिलो होतो. घरी आले, आपण गेलो, भांडलो. आता पाहुणे येतात, जेवून जातात.

पहिल्याच वर्षी लिव्हरपूल त्या टेबलात पहिलं आलं. सलग सात मॅचेस जिंकल्या. आठवी पीएसव्हीविरुद्ध ३-२ हरलो, पण फरकच पडत नव्हता. बक्षीस काय मिळालं? शेवटच्या सोळांत पीएसजी, जी टेबलात १५वी होती. पॅरिसमध्ये १-० जिंकलो, घरी १-० हरलो, ११ मार्चला पेनल्टीवर बाहेर. आणि पीएसजीनं पुढे कप उचलला, फायनलमध्ये इंटरला ५-० हरवून.

माझी रुखरुख मात्र निकालाची नाही. त्या पीएसव्हीच्या रात्री आमच्यातलं कुणीच कुणाकडे गेलं नाही. गरजच नव्हती. आकडेमोड करायला काही नव्हतं. आणि जिथे आकडेमोड असते तिथे हल्ली फोनच सांगतो, पुढे जायची शक्यता इतके टक्के. सीएनं सवयीनं पेन काढलं होतं म्हणे, छत्तीस नावं बघितली आणि परत खिशात ठेवलं. दादानं न्यू जर्सीहून फोन केला, तिकडे दुपार होती. 'काय चाललंय?' विचारलं. 'काही नाही, पहिले आलोय,' मी म्हटलं. एवढ्यात बोलणं संपलं. ऑलिम्पियाकोसवर एकवीस वर्षं बोलू शकणारी माणसं आम्ही, पहिल्या नंबरावर दोन मिनिटं बोलू शकलो नाही.

सगळा दोष युएफाचा नाही, हे कळतं. बँकवाल्याला मुलगी झालीय. डॉक्टरच्या नाइट ड्यूट्या असतात. दीडचा अलार्म पस्तिशीत पंचविशीपेक्षा जास्त कर्कश वाजतो. पण ग्रुप स्टेज आम्हाला एक निमित्त द्यायची. सहा तारखा, चार नावं, एक कप. त्या निमित्तानं कुणाची नोकरी गेल्याचं, कुणाचं ब्रेकअप झाल्याचं पहाटे साडेतीनला बोलून झालं. '१-० चालेल, २-१ नाही' याच्या आडून बऱ्याच गोष्टी बोलता येतात. निमित्त गेलं की माणसं लगेच दुरावत नाहीत. फक्त फोन छोटे होत जातात.

म्हणून आम्ही आता नियम केलाय. टेबल कितीही लांब असो, आठपैकी दोन मॅचेस सगळ्यांनी एकत्र बघायच्या. त्यातली एक अशी निवडायची, जिच्याकडे बाकी कुणी ढुंकूनही बघणार नाही. दादा व्हिडिओ कॉलवर. बँकवाला मुलीला मांडीवर घेऊन. गोल झाला तर ओरडायचं नाही, ती उठते. हात वर करायचे.

तुमचा क्लब कुठलाही असू दे, मँचेस्टरवाले असलात तरी आमची हरकत नाही. युरोपातली एखादी नीरस वाटणारी मॅच निवडा, दोन-तीन टाळकी गोळा करा, फोनवरचे ते टक्के बंद करा आणि कागद-पेन घेऊन बसा. आणि ३-० झालं म्हणून टीव्ही बंद करू नका. चौथा राहिलाय अजून.